एनिस पायी वाचायचं कसं: आयर्लंडच्या एका बाजारगावात एक दिवस

क्लिफ्स ऑफ मोहर हे समुद्रावरचे कडे बघायला जाणारी मंडळी एनिसमध्ये काय करतात, तर बस थांबली की कॉफी घेतात, टॉयलेटला जाऊन येतात, उंच खांबावर कोणीतरी उभा आहे त्याचा एक फोटो काढतात आणि परत बसमध्ये. मीही पहिल्यांदा अगदी हेच केलं होतं, आणि वर मत पण ठोकून दिलं होतं की अरुंद रस्ते, ट्रॅफिक, बाकी काही नाही. माझं चुकलं ते इतकंच की मी बघायला "ठिकाणं" शोधत होतो, आणि अशा गावात ठिकाणं कमीच असतात. गंमत सगळी बारीकसारीक गोष्टींत असते, रस्ता अचानक कुठे रुंद होतो, गल्लीचं नाव काय आहे, कुठलं चर्च मध्यात आणि कुठलं कडेला, नदी कुठून वळते. एकदा ते वाचायची सवय लागली ना, की मग आयर्लंडमधलं कुठलंही मार्केट टाउन घ्या, अर्ध्या तासात त्याची कुंडली कळायला लागते. म्हणून हे लिहितोय, एनिस उदाहरणाला धरून.

एनिस म्हणजे पश्चिमेकडच्या क्लेअर काउंटीचं मुख्य गाव, वस्ती २५ हजारांच्या वर, म्हणजे आयर्लंडच्या हिशोबाने चांगलंच मोठं. शॅनन विमानतळ अगदी जवळ, आणि कॉर्क ते गॉलवे जाणारी ५१ नंबरची बस विमानतळावरून थेट इथे आणून सोडते. ट्रेनने यायचं तर लिमरिकहून या नाहीतर गॉलवेहून, गॉलवेकडची लाइन बरीच वर्षं बंद होती ती २०१० मध्ये परत सुरू झाली. गाडी असेल तर गावाबाहेर मोटरवे आहे, पण गाडी एकदा पार्क केली की विसरून जा, कारण जुन्या गावात गाडीतून काहीच दिसत नाही आणि वन-वेच्या चक्रात तुम्ही त्याच पुलावर तिसऱ्यांदा येता. वार शक्यतो शनिवार पकडा, तेव्हा मार्केट नावाच्या जागेत खरंच बाजार भरतो.

निघायच्या आधी दोन शब्द डोक्यात वेगळे करून ठेवा, मार्केट आणि फेअर. आपण दोन्हीला बाजारच म्हणू पण तिथे हे वेगळे धंदे होते. मार्केट म्हणजे आठवडी बाजार, ठरलेल्या वारी, लोणी, धान्य, बटाटे, कोंबड्या, अंडी असला माल. फेअर म्हणजे वर्षातून मोजके दिवस, आणि तिथे मुख्यतः गुरं, घोडे, मेंढ्या, डुकरं. दोन्ही भरवायला राजाचा परवाना लागायचा, त्याला पेटंट म्हणत, आणि तो परवाना कोणातरी मोठ्या जमीनदाराच्या नावाने असायचा. आता परवाना कशासाठी हवा तर टोल. गावात माल आला की त्यावर टोल, आणि तो जमा व्हायचा परवानाधारकाच्या खिशात. त्यामुळे आयर्लंडमध्ये बाजारगाव वसवणं ही काही समाजसेवा नव्हती, सरळ सरळ इन्व्हेस्टमेंट होती. एनिसला असा परवाना १६१० मध्ये मिळाला, थॉमंडचा अर्ल असलेल्या डोनो ओ'ब्रायनला, आणि १६१२ मध्ये गावाला बरोचा दर्जा मिळाला म्हणजे गावातून डब्लिनच्या पार्लमेंटवर दोन माणसं जायला लागली. हे ओ'ब्रायन नाव लक्षात ठेवा.

सुरुवात नदीपासून करा

बहुतेक गाइडबुकं मधल्या चौकापासून सुरू करायला सांगतात, मी म्हणतो पुलावर जाऊन उभे राहा. नदीचं नाव फर्गस. गावाचं आयरिश नाव इनिस, आणि इनिस म्हणजे बेट. जुन्या काळी फर्गसच्या फाट्यांमध्ये जो जमिनीचा तुकडा होता तेच हे बेट, म्हणजे गावाच्या नावातच सांगून ठेवलंय की इथे पाणी येणार. आलंही, २००९ च्या नोव्हेंबरमध्ये चांगलाच पूर आला होता, आणि आता नदीकाठी ज्या भिंती दिसतात त्या पूर अडवायला आहेत. तर पहिला नियम हा की गावाच्या नावाचा आयरिश अर्थ शोधायचा. इंग्लिश स्पेलिंग म्हणजे नुसता आवाजावरून केलेला अंदाज असतो, अर्थ आयरिशमध्ये बसलेला असतो. नीना नावाचं गाव आहे टिपरेरीत, त्याचं आयरिश नाव अन टीनॉख, म्हणजे सरळ "फेअर", गावाचं नावच बाजार! रस्त्यावरच्या पाट्या बघताना तिरक्या अक्षरातलं असतं ते आयरिश आणि कॅपिटल अक्षरातलं इंग्लिश, आणि "अन लॉर" लिहिलेलं दिसलं तर ते कुठलं वेगळं गाव नाही, गावाचा मध्यभाग. (नवीन माणूस अन लॉर नावाचं गाव गूगल मॅपवर शोधत बसतो, अनुभवाचे बोल.)

पुलाजवळच ॲबी स्ट्रीटच्या टोकाला फ्रान्सिस्कन फ्रायरीचे, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथातल्या साधूंच्या मठाचे अवशेष आहेत. तेराव्या शतकातली, ओ'ब्रायन घराण्याने बांधून दिलेली. तिकीट काढून आत जाता येतं पण हिवाळ्यात बंद असते, तेव्हा आधी चेक करा. आत गेलात तर पूर्वेची उंच खिडकी बघा, पाच सडपातळ कमानी एकाला एक लागून, आणि मग दगडातलं कोरीवकाम, हातावर जखमांच्या खुणा असलेला संत फ्रान्सिस, बांधलेल्या हातांचा येशू. घाई करू नका, या मूर्ती लहान आणि बारकाईने केलेल्या आहेत आणि भराभर चालत गेलात तर नजरेतून सुटतात.

आता ही फ्रायरी गावाबद्दल काय सांगते ते महत्त्वाचं. आयर्लंडमधली बरीच जुनी बाजारगावं इंग्लंडकडून चाल करून आलेल्या नॉर्मन लोकांनी वसवली, किल्ला, भोवती तटबंदी, आत सरळसोट मुख्य रस्ता, असा त्यांचा साचा. एनिसमध्ये तट शोधू नका, मिळणार नाही. हे गेलिक, म्हणजे मूळ आयरिश राजांचं गाव. ओ'ब्रायनांचं ठाणं इथून जवळ क्लॉनरोडला होतं, फ्रायरी त्यांच्या सावलीत वाढली आणि फ्रायरीच्या दाराशी गाव. नॉर्मनांनी प्रयत्न केला नाही असं नाही, पण १० मे १३१८ ला इथून थोड्याच मैलांवर डायसर्ट ओ'डेच्या लढाईत त्यांचा सरदार रिचर्ड डी क्लेअर मारला गेला आणि त्यानंतर या भागात त्यांचं बस्तान बसलंच नाही. म्हणून एनिसचे रस्ते असे वाकडे आहेत. कोणी पट्टी लावून आखले नाहीत, फ्रायरीकडून, गिरणीकडून, नदीच्या उतारापासून माणसं जशी चालली तशा वाटा पडल्या आणि त्या वाटांच्या कडेला घरं उभी राहिली. याच्या अगदी उलटं बघायचं असेल तर मेयोमधलं वेस्टपोर्ट, ते अठराव्या शतकात जमीनदाराने आखून बसवलेलं, मध्ये अष्टकोनी चौक, झाडं लावलेला नदीकाठ, सगळं मापात. सुंदर आहे, पण मला विचाराल तर थोडं शो-केससारखं वाटतं, एनिसमध्ये हरवता येतं.

फ्रायरीची पुढची कथा पण मजेदार आहे. आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद करायचं फर्मान निघालं तरी इथले साधू बराच काळ टिकून राहिले कारण ओ'ब्रायन पाठीशी होते, मग ओ'ब्रायनांचाच वंशज असलेला तो परवानावाला अर्ल एलिझाबेथ राणीच्या दरबारात वाढून प्रोटेस्टंट झाला. इमारत कधी कोर्ट म्हणून वापरली, मग प्रोटेस्टंट चर्च म्हणून, ती थेट १८७१ पर्यंत. एका इमारतीत इतक्या पक्षांतरांचा इतिहास.

चौकात पोचल्यावर वर बघा

ॲबी स्ट्रीटने पुढे चालत राहा, दोन्ही बाजूंना दुकानं चिकटून आहेत, आणि एक सवय लावून घ्या, खालच्या मजल्याकडे दुर्लक्ष करायचं. खाली फोनचं दुकान असेल, फार्मसी असेल, ती काल आलेली. वरच्या मजल्यांच्या खिडक्या, चिमण्या, छताचा उतार हे जुनं असतं. दुकानाच्या पाटीवर हाताने रंगवलेलं आडनाव असेल तर थांबून वाचा, पूर्वी इकडे एकाच काउंटरच्या एका टोकाला किराणा आणि दुसऱ्या टोकाला दारू मिळायची, शेतकरी लोणी विकून आला की साखर-चहा घेणार, बायको सामान बांधून घेणार आणि तेवढ्यात हा एक पाइंट मारणार. तशी दुकानं आता फारशी उरली नाहीत, पण पबच्या आत भिंतीला किराण्याचे खण असलेली लाकडी फडताळं दिसली तर समजून जा.

रस्ता संपतो तिथे ओ'कॉनेल स्क्वेअर, गावातले लोक याला "द हाइट" म्हणतात. चौक म्हणायला चौक, खरं तर तीन रस्ते एकमेकांवर येऊन आदळलेत आणि मध्ये तो उंच खांब. खांबावर डॅनियल ओ'कॉनेल, कॅथलिकांच्या हक्कांसाठी लढलेला वकील-पुढारी. हा पुतळा इथेच का? कारण इथे जुनं कोर्ट होतं आणि तिथेच १८२८ ची पोटनिवडणूक झाली, जी मला वाटतं आयर्लंडच्या इतिहासातली सगळ्यात नाट्यमय निवडणूक असेल.

थोडक्यात सांगतो. बहुतेक जनता कॅथलिक, सत्ता प्रोटेस्टंटांची. कॅथलिक माणसाला मत द्यायचा हक्क १७९३ पासून होता (ज्याच्याकडे वर्षाला ४० शिलिंग किमतीची जमीन कुळ म्हणून असेल त्याला), पण पार्लमेंटमध्ये बसायचं तर जी शपथ घ्यावी लागायची ती कॅथलिक माणूस घेऊच शकत नव्हता. म्हणजे निवडून द्या, पण स्वतःला नाही. ओ'कॉनेल म्हणाला निवडणुकीला उभं राहू नये असं कायद्यात कुठे लिहिलंय, आणि उभा राहिला. समोर व्हेसी फिट्झगेराल्ड, तोही काही वाईट माणूस नव्हता, कॅथलिकांना हक्क द्यावेत याच मताचा. मतदान तेव्हा गुप्त नव्हतं, जमीनदाराच्या देखत तोंडाने सांगायचं कोणाला मत, आणि तरीही गावोगावची कुळं आपापल्या पाद्र्यांबरोबर रांगा करून एनिसमध्ये आली, आणि मतदान संपेपर्यंत दारूला शिवायचं नाही असं ठरवून आली, निवडणुकीच्या गर्दीत आणि तीही आयर्लंडमध्ये! निकाल, ओ'कॉनेल २०५७, फिट्झगेराल्ड ९८२. पुढच्या वर्षी १८२९ मध्ये लंडनला कायदा बदलावाच लागला. पण त्याच झटक्यात सरकारने मतदानाची अट ४० शिलिंगवरून १० पौंडांवर नेली, म्हणजे ज्या कुळांनी ही लढाई जिंकून दिली त्यांचंच मत काढून घेतलं. पुतळ्याखाली उभं राहून हा दुसरा भाग कोणी सांगत नाही म्हणून इथे लिहिला.

आता प्रश्न विचारा की हे सगळं एनिसमध्येच का व्हावं. उत्तर बाजारातच आहे. टीव्ही नाही, फोन नाही, पेपर परवडत नाही, अशा काळात भोवतालच्या पाच-पंचवीस पॅरिशमधली (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्त्या म्हणजे पॅरिश) माणसं एकाच जागी जमायची सवय कुठे लागलेली होती, तर बाजारगावात. गर्दी आधीपासून होती, पुढारी गर्दीकडे आले.

पार्नेलचंही तेच. १९ सप्टेंबर १८८० ला आयरिश राष्ट्रवाद्यांचा पुढारी चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेलने एनिसमध्ये भाषण केलं. तेव्हा जमिनीचं आंदोलन पेटलेलं, जमीनदार कुळाला हाकलायचा आणि दुसरा कोणीतरी येऊन तीच जमीन जास्त खंडाने घ्यायचा. पार्नेलने गर्दीला विचारलं अशा माणसाचं काय करायचं, गर्दीतून आवाज आला गोळी घाला. तो म्हणाला त्यापेक्षा चांगला मार्ग आहे, रस्त्यात भेटला तर बोलू नका, दुकानात त्याच्याशी व्यवहार करू नका, बाजारात आणि चर्चमध्ये सुद्धा त्याला एकटा पाडा. थोडक्यात वाळीत टाका. काहीच आठवड्यांत मेयोमध्ये एका जमीनदाराच्या कारभाऱ्यावर हे हत्यार चाललं, त्याचं नाव कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. त्याचं पीक काढायला मजूर मिळेनात, शेवटी उत्तरेकडून पन्नासेक माणसं आणली, त्यांच्या रक्षणाला शेकडो सैनिक आणि पोलीस, खर्च पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट. आपण रोज जो बॉयकॉट शब्द वापरतो तो तिथला. पार्नेलच्या यादीत दुकान आणि बाजार कसे आले ते बघा, ज्या गावात प्रत्येक व्यवहार समोरासमोर होतो तिथे तोंड फिरवणं ही केवढी मोठी शिक्षा आहे हे बाजारगावालाच कळणार.

मागच्या गल्ल्या

हाय स्ट्रीटवरून पार्नेल स्ट्रीटकडे चला. पार्नेलचं नाव नंतर लागलं, जुनं नाव मिल स्ट्रीट, गिरणीचा रस्ता. ओ'कॉनेल स्ट्रीट पूर्वी जेल स्ट्रीट होता. आता तुम्हाला नियम लक्षात आला असेल, पुढाऱ्याचं नाव काढून टाकलं की खाली धंद्याचं नाव सापडतं. आणि जिथे नाव बदललेलं नाही तिथे तर काम सोपं, कॉर्नमार्केट स्ट्रीट म्हणजे धान्याचा बाजार (कॉर्न म्हणजे मका नव्हे बरं का, तिकडे जुन्या वापरात कॉर्न म्हणजे ओट, गहू, बार्ली, कुठलंही धान्य), वुडकी म्हणजे होड्यांतून लाकूड उतरायचा धक्का, टर्नपाइक म्हणजे टोलनाक्याचा रस्ता. मोठी जहाजं काही इथवर येत नसत, ती खाली क्लेअरकॅसलला थांबत, पुढे लहान होड्या नाहीतर गाड्या.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमानीखालून आत जाणारे अरुंद बोळ दिसतील, त्यांना इथे बो-वे म्हणतात. न घाबरता शिरा, ते सार्वजनिक आहेत. मुख्य रस्त्यावर दुकानदार, मागच्या बोळांत हमाल, विणकर, मोलमजुरी करणारे, अशी गावाची दोन थरांची रचना होती आणि बाजाराच्या दिवशी हेच बोळ मालाची वाट. टर्नपाइक भागातला एब ग्रेडी नावाचा एक माणूस १८६० च्या दशकात अमेरिकेला गेला, केंटकीत त्याने एका मुक्त झालेल्या काळ्या स्त्रीशी लग्न केलं, आणि त्याचा पणतू म्हणजे मुहम्मद अली. होय, तोच. २००९ मध्ये अली स्वतः एनिसला आला, गावाने त्याला आपला पहिला फ्रीमन म्हणजे मानद नागरिक केलं, आणि रस्ते माणसांनी भरून गेले.

मार्केट प्लेसमध्ये आलात की जागा नुसती डोळ्यांनी मापा. बाजारगाव ओळखायचा सगळ्यात पक्का मार्ग हाच, की अरुंद गल्ल्यांच्या मध्ये कारण नसताना एकदम मोकळी जागा लागते. ती कारण नसताना नसते, तिथे गाड्या उभ्या राहायच्या, माल मांडला जायचा. दुसऱ्या गावांत अशा जागेच्या मध्ये मार्केट हाउस असतं, खाली कमानींचा उघडा मजला, पावसात माल भिजू नये म्हणून, वर सभेची नाहीतर कोर्टाची खोली. आणि अशी एखादी मोकळी जागा गावाच्या कडेला असेल तर ती फेअर ग्रीन, गुरांचा बाजार. एनिसचं फेअर ग्रीन आता पार्क आहे, मुलं बॉल खेळतात.

फेअर मात्र फक्त मैदानात मावायचं नाही, जनावरं रस्त्यावरसुद्धा उभी असायची, दुकानदार खिडक्यांपुढे लाकडी अडसर लावायचे म्हणजे बैल काचेत शिंग घालणार नाही. सौदा कसा व्हायचा हे माहीत असेल तर जागा जिवंत होते. घेणारा नाक मुरडून अर्धा भाव सांगणार, विकणारा पाठ फिरवणार, मग मध्ये तिसरा माणूस, त्याला टँगलर म्हणायचे, म्हणजे दलालच, तो दोघांचे हात धरून एकमेकांवर आपटायचा प्रयत्न करणार, भांडण चाललंय की काय वाटावं असं, शेवटी तळहातावर थुंकून टाळी दिली की सौदा पक्का. कागद वगैरे काही नाही. आणि पैसे मोजून झाल्यावर विकणारा त्यातलं एखादं नाणं परत देणार, ते लक पेनी. आपल्या इसाराच्या बरोबर उलटं, तिथे विकणारा देतो. ही पद्धत घोड्यांच्या व्यवहारात अजून आहे. रस्त्यावरचे गुरांचे बाजार १९५० नंतर हळूहळू बंद झाले आणि कुंपण घातलेले मार्ट आले, वजनकाटा, लिलाव, माइकवर न कळणाऱ्या वेगाने बोलणारा लिलाववाला. स्वच्छ आहे, शेतकऱ्याला फसवणं अवघड झालंय, पण गावाच्या मध्यातून जनावर गेलं आणि त्याबरोबर बरंच काही गेलं असं म्हातारी माणसं म्हणतात. मार्टला बाहेरच्यांना बसून बघू देतात, फक्त लिलाव चालू असताना हात वर करून केस नीट करू नका.

चर्च कुठे आहे त्यावरून

आता चॅपल लेन नावाचा बोळ शोधा. नाव बघा, चॅपलची गल्ली, आणि गल्लीसुद्धा मागची. १८२९ च्या आधीच्या काळात कॅथलिकांचं प्रार्थनास्थळ असं आडबाजूला, साधं, कमी उंचीचं असायचं, मोक्याची जागा प्रोटेस्टंट चर्चकडे. हक्क मिळाले, पैसा जमला, तशी एकोणिसाव्या शतकात मोठमोठी दगडी कॅथलिक चर्चेस उभी राहिली, पण तोवर गावाच्या मध्यात जागा संपलेली, म्हणून ती जुन्या गावाच्या काठावर दिसतात. ओ'कॉनेल स्ट्रीटच्या दक्षिण टोकाला सेंट पीटर आणि सेंट पॉलचं कॅथेड्रल आहे ते नेमकं असंच, उंच मनोरा, जुन्या गावाच्या कडेला. हा नियम बहुतेक आयरिश गावांना लागू पडतो, मध्यात लहान आणि जुनं ते चर्च ऑफ आयर्लंडचं म्हणजे प्रोटेस्टंट, काठावर मोठं आणि "नवं" ते कॅथलिक.

कोर्टही हलवलंच. हाइटवरचं पाडलं आणि १८५० च्या सुमाराला गावाबाहेरच्या बाजूला ग्रीक खांबांचं नवीन बांधलं. त्याच्यासमोर एमन डी व्हॅलेराचा पुतळा आहे, स्वातंत्र्यलढ्यातला आणि नंतर आयर्लंडचा पंतप्रधान झालेला पुढारी. १९१७ च्या पोटनिवडणुकीत तो इथून निवडून आला, यादवी युद्ध संपल्यानंतर (त्यात त्याची बाजू हरली होती) ऑगस्ट १९२३ मध्ये एनिसमध्येच सभेत बोलत असताना त्याला सैनिकांनी पकडलं, साधारण वर्षभराने सुटला आणि परत एनिसलाच येऊन बोलला. राष्ट्राध्यक्ष होईपर्यंत म्हणजे १९५९ पर्यंत क्लेअरने त्याला सोडलं नाही. ओ'कॉनेल, पार्नेल, डी व्हॅलेरा, तिघांपैकी एकही क्लेअरचा नाही हे पण लक्षात घ्या.

कोर्टाकडे जाताना बिंडन स्ट्रीटवरून जा, एका ओळीत उभी असलेली उंच जॉर्जियन घरं, दारावर पंख्याच्या आकाराची काच. इथे डॉक्टर, वकील, जमीनदारांचे एजंट राहायचे. दोन मिनिटांपूर्वी तुम्ही बो-वेमध्ये होता. हे अंतर चालताना फार कमी वाटतं, म्हणूनच चालायला सांगतोय.

आणि या सगळ्याच्या मध्ये एक गोष्ट आहे जी कुठल्या खांबावर नाही. १८४५ नंतर बटाट्यावर रोग पडला आणि जो महादुष्काळ आला त्यात क्लेअरची लोकसंख्या १८४१ मधल्या सुमारे २ लाख ८६ हजारांवरून १८५१ मध्ये २ लाख १२ हजारांवर आली. दहा वर्षांत चारातला एक माणूस नाही. मेले किंवा जहाजाने गेले. बाजार मात्र चालू होता, धान्य आणि लोणी बाहेर जात होतं, कारण ते खंड भरायला विकायचं असायचं, खायचा होता तो बटाटा आणि तोच गेला. कॉर्नमार्केट स्ट्रीटवर उभं राहून हे आठवलं की ती पाटी वेगळी वाचली जाते.

माणसांशी बोलायचं ते असं

गावाचा स्वभाव इमारतींत अर्धाच मिळतो. एनिसचा सगळ्यात भारी किस्सा १९९७ चा आहे. तेव्हा सरकारी टेलिफोन कंपनीने स्पर्धा घेतली, देशातलं एक गाव "इन्फर्मेशन एज टाउन" करायचं, १ कोटी ५० लाख पौंड, आणि एनिस जिंकलं. घरोघरी स्वस्तात कॉम्प्युटर, इंटरनेट. बेरोजगारांनाही कॉम्प्युटर दिले की आता भत्त्याची हजेरी लावायला ऑफिसात यायला नको, घरूनच लावा. लोकांना ते काही रुचलं नाही, कारण त्या हजेरीच्या निमित्तानेच माणसं भेटायची, कुठे काम आहे ते कळायचं, गप्पा व्हायच्या. शेवटी जुनी पद्धत परत आणली. मला हे बाजारगावाचं अगदी नेमकं लक्षण वाटतं, काम हे निमित्त आणि भेट हा धंदा.

त्यामुळे दुकानात शिरलात तर थेट वस्तू मागू नका, आधी हवेबद्दल दोन वाक्यं. पाऊस असेल तर पावसाला नावं ठेवा, ऊन असेल तर हे टिकणार नाही म्हणा. "ग्रँड" म्हणजे भव्य वगैरे काही नाही, ग्रँड म्हणजे ठीक आहे. जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत हर्लिंगचा (काठी आणि चेंडूचा आयरिश खेळ) विषय कधीही चालतो, क्लेअरचे रंग केशरी आणि निळा, मैदान क्युसॅक पार्क गावातच आहे, आणि १९१४ नंतर ऑल-आयर्लंड म्हणजे देशाचं अजिंक्यपद जिंकायला क्लेअरला थेट १९९५ उजाडलं हे तुम्हाला माहीत आहे एवढं दाखवलंत तरी समोरचा पुढचा अर्धा तास बोलेल. मग ९७, २०१३, २०२४ हे तो स्वतः सांगेल.

संध्याकाळी संगीत. क्लेअर हे पारंपरिक संगीताचं माहेरघर, आणि एनिसच्या पबमध्ये सेशन बघायला वेगळं प्लॅनिंग लागत नाही, मेच्या शेवटी फ्ला नुआ हा उत्सव असतो तेव्हा तर रस्त्यावरही चालतं. सेशन म्हणजे कॉन्सर्ट नव्हे, कोपऱ्यातल्या टेबलाभोवती फिडल, बासरी, कॉन्सर्टिना घेऊन लोक आपसात वाजवत असतात. त्या टेबलाच्या खुर्च्यांवर बसू नका, रिकाम्या दिसल्या तरी त्या वाजवणाऱ्यांच्या असतात. फर्माइश करू नका. कोणी एकट्याने गायला लागलं तर पूर्ण गप्प, ग्लासचा आवाजसुद्धा नको, हे फार पाळलं जातं.

२३ जूनच्या आसपास तिथे असाल तर एनिस सोडून पूर्वेला काही किलोमीटरवर स्पॅन्सिल हिलला जा. चौफुलीवर घोड्यांचा फेअर भरतो, अजूनही, आणि वर जे थुंकी आणि टाळीचं सांगितलं ते तिथे डोळ्यांनी दिसतं. जुने बूट घाला, घोड्याच्या मागे उभे राहू नका, आणि कोणी "तुम्ही मध्ये पडा" म्हणालं तर हसून बाजूला व्हा. नावाची गंमत अशी की स्पॅन्सिल म्हणजे जनावराचे पाय बांधायचा दोर, घोड्यांच्या बाजाराला किती शोभून दिसतं, पण मूळ आयरिश नावाचा अर्थ "थंड रानाची टेकडी", भाषांतर करणाऱ्याने आवाजात सारख्या वाटणाऱ्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ लावला आणि चूक कायमची चिकटली.

आणि दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस हाताशी असेल तर गॉलवेकडच्या ट्रेनने अॅथनरायला उतरा. तिथे तट आहे, किल्ला आहे, चौकात पंधराव्या शतकातला मार्केट क्रॉस अजून आपल्या जागी उभा आहे, म्हणजे एनिसमध्ये जे जे नव्हतं ते सगळं. स्टेशनवरून किल्ल्याकडे जाऊ नका, आधी चौकात जा, रस्ता कुठे रुंद होतो ते बघा, आणि किल्ला शेवटी ठेवा.